पोटॅशियमचा जांभळा रंग तुम्हाला खरंच दिसला होता का?

सुमेधा_र
नमस्कार मंडळी. लेक बारावीला आहे, प्रॅक्टिकल्स जोरात चालू आहेत. सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्ये फ्लेम टेस्ट (तारेवर सॉल्ट घेऊन ज्योतीत धरायचं आणि रंगावरून धातू ओळखायचा) असते ते बहुतेकांना आठवत असेल. तर ती रोज घरी येऊन वैतागते की सोडियमचा पिवळा दिसतो, कॉपरचा हिरवा-निळा मस्त दिसतो, पण पोटॅशियमचा लायलॅक (फिकट जांभळा) म्हणतात तो कधीच दिसत नाही, सगळं पिवळंच. आणि वर्गातल्या सगळ्या पोरी जर्नलमध्ये 'लायलॅक' लिहून मोकळ्या होतात, कारण पुढच्या टेस्टवरून पोटॅशियम आहे हे कळलेलंच असतं. मला हे फार खटकतं. दिसलं नाही तर दिसलं नाही असं लिहावं ना? प्रयोग म्हणजे शेवटी डोळ्यांनी बघणंच की.

तर विचारायचं असं की तुमच्यापैकी कोणाला तो रंग खरोखर दिसलाय का, आणि दिसला असेल तर कसा? शिवाय २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आहे, सोसायटीतल्या पोरांना घरगुती वस्तू वापरून ज्योतीचे रंग दाखवावेत असं मनात आहे, तेही सुचवा.

टेस्टट्यूब
दिसलाय. निळ्या काचेतून. नुसत्या डोळ्यांनी नाही, शपथेवर सांगतो.

प्राजक्ता_ठाणे
आमच्या लॅबमध्ये एकच बर्नर नीट चालायचा आणि त्याच्याभोवती सगळा वर्ग. पुढच्यांना रंग, मागच्यांना पुढच्यांच्या वेण्या. धागा मस्त, वाचतेय.

वसंतकाका
सुमेधाताई, मी आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रंग न दिसण्याचं पहिलं कारण म्हणजे तार. निक्रोमची तार पोरं एकदा अ‍ॅसिडमध्ये बुडवतात, ज्योतीत धरतात, आणि झाली स्वच्छ म्हणून थेट सॉल्टमध्ये घालतात. तसं चालत नाही. वॉच ग्लासमध्ये कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक घ्यायचं, तार बुडवायची, बर्नरच्या निळ्या ज्योतीच्या बाहेरच्या कडेला धरायची, पिवळं आलं की परत बुडवायची. ज्योतीचा रंग अजिबात बदलत नाही तोवर हेच करत राहायचं. मग त्या टोकाला बोट लावायचं नाही! बोटाच्या घामात मीठ असतं आणि तेवढं सोडियमला पुष्कळ होतं. वॉच ग्लासमधलं अ‍ॅसिडही मधेमधे बदलायचं, नाहीतर आधीच्याचं सोडियम पुढच्याच्या तारेला. आमच्याकडे प्लॅटिनमची तार होती, काचेच्या दांडीत बसवलेली, ती कपाटात कुलपात असायची आणि बाहेरचे परीक्षक आले की बाहेर यायची.

दुसरं म्हणजे सॉल्ट अ‍ॅसिडमध्ये कालवून पेस्ट का करायची, तर क्लोराइडं लवकर वाफ होतात. वाफ झाली नाही तर ज्योतीत जाणार काय? सल्फेट किंवा फॉस्फेट कोरडं धरलं की रंग येतच नाही आणि पोरं म्हणतात सॉल्टच खराब.

आणि तिसरं, कधी बघायचं. पोटॅशियम पहिल्या क्षणी झळकतं आणि जातं. कॅल्शियमचा विटकरीही तसाच, आला आणि गेला. स्ट्रॉन्शियमचा किरमिजी मात्र टिकून राहतो, मी पोरांना या दोघांतला फरक टिकण्यावरूनच ओळखायला सांगायचो. बेरियमला उलट धीर लागतो, तार लाल होईपर्यंत धरून ठेवली की मग तो पोपटी हिरवा उगवतो. सगळ्यांना सारखाच वेळ दिला की अर्धी सॉल्ट हुकतात.

लेकीला सांगा, 'नुसत्या डोळ्यांनी पिवळी, कोबाल्ट ग्लासमधून (तीच निळी काच) जांभळट-गुलाबी' असं स्पष्ट लिही. मी तर पूर्ण मार्क दिले असते.

अभय_न
थोडा विरोधी सूर लावतो. मी फार्मा कंपनीत क्वालिटीत आहे. आमच्याकडे धातू शोधायचे तर आयसीपी (तप्त प्लाझ्मावर चालणारं यंत्र) लावतो, एका सँपलमध्ये डझनावारी मूलद्रव्यं, तीही अगदी नगण्य प्रमाणात असली तरी सापडतात. असं असताना २१ व्या शतकात पोरांना तारेवर सॉल्ट धरून रंग ओळखायला लावणं म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. रंग हा बघणाऱ्यावर अवलंबून, मिश्रण असेल तर सोडियम सगळं गिळून टाकतं, मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमला तर रंगच नाही. असल्या टेस्टवर मार्क का ठेवायचे?

माती_परीक्षक
अभयराव, असहमत. मी मृदा परीक्षण प्रयोगशाळेत काम करतो. शेतकऱ्याच्या मातीतला पालाश, म्हणजे पोटॅशियम, आम्ही कशावर मोजतो? फ्लेम फोटोमीटरवर. मातीत अमोनियम अ‍ॅसिटेट घालून हलवायचं, गाळायचं, तो द्राव फवाऱ्यासारखा ज्योतीत सोडायचा. पुढे पोटॅशियमचा फिल्टर आणि त्यामागे डिटेक्टर. म्हणजे फ्लेम टेस्टच, फक्त डोळ्याच्या जागी यंत्र बसवलंय. जमिनीच्या आरोग्य पत्रिकेवर पालाशचा आकडा येतो तो या ज्योतीतून येतो. पॅथॉलॉजी लॅबमध्येही रक्तातलं सोडियम-पोटॅशियम वर्षानुवर्षं असंच मोजायचे, आता तिथं इलेक्ट्रोड आलेत.

तुमच्या आयसीपीतही प्लाझ्माच्या उष्णतेनं अणू उत्तेजित होतो आणि प्रकाश सोडतो तो मोजतात ना? तत्त्व तेच. ज्या पोरानं तारेवर रंग बघितलाय त्याला तुमचं मशीन काय करतंय ते लगेच कळतं.

अभय_न
तत्त्व तेच हे मान्य. माझा आक्षेप मार्कांवर आहे, दाखवण्यावर नाही.

मंदार_प
फिजिक्सवाल्याचे दोन पैसे. सुमेधाताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर निम्मं केमिस्ट्रीत आहे आणि निम्मं डोळ्यात.

सोडियमचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरला येतो. आपला डोळा दिवसा ५५५ च्या आसपास सगळ्यात तल्लख, म्हणजे सोडियम अगदी सोयीच्या जागी बसलंय. पोटॅशियमच्या जोरकस रेषा कुठे आहेत, तर ७६६.५ आणि ७६९.९ ला. लाल टोकाच्या अगदी काठावर, तिथं डोळा जवळजवळ आंधळा असतो. दुसरी जोडी ४०४ च्या आसपास, जांभळ्या टोकाला, तीही क्षीण आणि तिथंही डोळा मंद. एका टोकाचं थोडं लाल आणि दुसऱ्या टोकाचं थोडं जांभळं मिळून तो लायलॅक होतो. ज्योतीतून पोटॅशियमचा प्रकाश भरपूर निघतो हो, आपल्यापर्यंत पोचत नाही एवढंच. त्यात सोडियमचा कण जरी आला तरी तो पिवळा सगळ्यावर चढतो.

कोबाल्टची काच काय करते, तर मधला पिवळा-नारिंगी पट्टा शोषून घेते आणि निळं व गडद लाल जाऊ देते. पोटॅशियमला नेमकं तेच हवंय.

मॅग्नेशियमचं अभयनी लिहिलंय त्याबद्दल: त्याची मुख्य रेषा २८५ ला आहे, अल्ट्राव्हायोलेटमध्ये. ती दिसणारच नाही. तेव्हा ज्योतीला रंग आला नाही म्हणजे धातूच नाही असं समजायचं नाही.

टेस्टट्यूब
मंदार +१. बारावीला हे असं कोणी सांगितलं असतं तर!

बागायतदार_दिंडोरी
आम्ही द्राक्षवाले. घरगुती पोटॅशियम विचारताय तर कृषी सेवा केंद्रात जा, ०:०:५० मागा, ते पोटॅशियम सल्फेट असतं, ड्रिपमधून द्यायचं, पांढरं, पाण्यात विरघळतं. म्युरेट ऑफ पोटॅश पण मिळतं, ते क्लोराइड, पण ते बऱ्याचदा लालसर येतं आणि त्यात मीठही असतं. १३:०:४५ मात्र घेऊ नका, ते नायट्रेट आहे, आगीशी त्याचा खेळ पोरांसमोर नको. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना तर आमच्याकडे बोर्डोसाठी, म्हणजे बुरशीच्या फवारणीसाठी, कायम असतोच, कॉपर आणि कॅल्शियम दोन्ही झाले. मोरचुदाचा हिरवा लांबून पण दिसतो.

सुमेधा_र
दादा, हे फारच कामाचं! काका, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचायला दिला. पोटॅशियमसाठी तुरटी चालेल का?

वसंतकाका
चालेल, पण दाढीनंतर फिरवायची पारदर्शक वडी घ्या, ती बहुतेक पोटॅश अ‍ॅलम असते. पाणी निवळायची म्हणून जी ढेकळं मिळतात ती पुष्कळदा नुसतं अ‍ॅल्युमिनियम सल्फेट असतात, त्यात पोटॅशियम नाही. त्यापेक्षा दिंडोरीकरांचं ०:०:५० बरं, पाकिटावर काय आहे ते छापलेलं असतं. घरी अ‍ॅसिड वापरू नका. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या रात्रभर मिठांच्या पाण्यात भिजवून ठेवा आणि एकेक काडी गॅसच्या ज्योतीच्या कडेला धरा. काडी पेट घ्यायच्या आत रंग दिसतो, मग पाण्यात बुडवा. पोटॅशियमला ही युक्ती पुरेल असं सांगत नाही, लाकडातही थोडं सोडियम असतंच.

रेवा_एम
हिरव्यासाठी कॅरमची बोरिक पावडर! ओल्या काडीला लावून ज्योतीत धरा, सुंदर हिरवा येतो. टाकणखार घेऊ नका, त्यातही बोरॉन आहे पण सोबत सोडियम असल्यामुळे पिवळाच दिसत राहतो.

आणि कळकळीची विनंती, स्पिरिट किंवा मिथेनॉल ताटलीत ओतून त्यात सॉल्ट टाकून 'इंद्रधनुष्य' करायचे व्हिडिओ फिरत असतात, ते करू नका. विझत आली म्हणून बाटलीतून परत ओतायला गेलं की आग बाटलीपर्यंत चढते आणि समोर बसलेल्या पोरांवर उडते. अमेरिकेत वर्गांमध्ये असे भाजण्याचे अपघात झाले, २०१४ मध्ये तिथल्या केमिकल सोसायटीच्या सुरक्षा समितीनं हा प्रयोग बंद करा म्हणून सांगितलं. काड्यांनी तेच सगळं दिसतं.

खारेदाणे
दूध उतू गेलं की गॅस पिवळा होतो तो पण सोडियमच का? आमचा शेगडीवाला म्हणतो बर्नर बदला.

मंदार_प
उतू गेल्यावर क्षणभर पिवळं-नारिंगी होतं त्यात दुधातल्या क्षारांचा, मुख्यतः सोडियमचा वाटा. पण कायमच पिवळी टोकं दिसत असतील तर ते वेगळं, हवा कमी पडतेय आणि काजळीचे कण तापून चमकताहेत. ओळखायचं सोपं आहे: स्टीलचं भांडं थोडा वेळ ठेवून तळ बघा. काळा झाला तर काजळी, मग शेगडीवाल्याचं ऐका. नाही झाला तर क्षार. आणखी एक, घरात अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर चालू असेल आणि त्यात नळाचं किंवा बोअरचं पाणी असेल तर त्याच्या धुक्यातले क्षारही ज्योत नारिंगी करतात, लोक घाबरून गॅसवाल्याला बोलावतात.

कोकणी_माणूस
रंगांचा विषय निघालाच आहे तर आमच्या विजयदुर्गाला विसरू नका. १८६८ च्या खग्रास ग्रहणात हेलियमचा शोध तिथूनच लागला. किल्ल्यावर साहेबाचे कट्टे आहेत, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेबानं तिथं दुर्बीण लावली होती. १८ ऑगस्टला कार्यक्रमही होतो.

इतिहासवेडा
कोकणी_माणूस, विजयदुर्गावर माझंही प्रेम आहे, पण लॉकियर तेव्हा भारतात नव्हते. त्यांनी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला तो २० ऑक्टोबर १८६८ ला, इंग्लंडमधून, ग्रहण नसताना. ग्रहणाच्या दिवशी, १८ ऑगस्टला, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. खग्रासचा पट्टा आपल्या भागातून गेला हे मात्र खरं. विजापूरला कॅप्टन हेग होते आणि जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल, विल्यम हर्शेलचे नातू. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचं संस्थान. हर्शेलनी तिथून ज्वाळेच्या वर्णपटात लाल, नारिंगी आणि निळ्या चमकत्या रेषा पाहिल्या. किल्ल्याला मान द्यायचा तर त्याच्या आरमाराचा इतिहास पुरून उरेल, लॉकियरांना तिथं नेऊन बसवायची गरज नाही.

कोकणी_माणूस
जमखंडीचं माहीत नव्हतं, बघतो. पण कट्टे आहेत ते कशासाठी बांधले, त्याचं पण काहीतरी असेलच ना.

मंदार_प
आणि याचा आपल्या धाग्याशी सरळ संबंध आहे बरं का. ग्रहणातली ती पिवळी-नारिंगी रेषा पहिल्यांदा पुष्कळांना सोडियमचीच वाटली. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६, आणि ही निघाली ५८७.६. एवढ्याशा फरकावरून नवीन मूलद्रव्य! पृथ्वीवर ते हाती लागलं १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झींच्या प्रयोगशाळेत. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही पिवळेच, वर्णपट काढल्याशिवाय वेगळे कळणारच नाहीत.

निळावंती
ज्योतीच्या वर्णपटावरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या बुन्सेन आणि किरचॉफचं कोणीच कसं लिहिलं नाही? १८६० च्या आसपास, हायडेलबर्ग. बुन्सेन आधी रंगीत काचा आणि द्रावणांतून ज्योती बघत होते, किरचॉफनी सांगितलं प्रिझममधून बघा. मग ड्यूर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या, ते सीझियम. पुढच्या वर्षी लेपिडोलाइट खनिजातून रुबिडियम.

मला त्यांचा सगळ्यात आवडणारा प्रयोग सोडियमचा. खोलीच्या एका कोपऱ्यात ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुधाच्या साखरेबरोबर उडवलं आणि दुसऱ्या टोकाला ज्योत बघत बसले. काही मिनिटांत ज्योत पिवळी झाली आणि सोडियमची रेषा ठळक उमटली. खोलीच्या आकारमानावरून हिशोब केला तर मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहून कमी सोडियमही डोळ्याला कळत होतं. सुमेधाताई, तुमच्या लेकीची तार पिवळी का होते याचं उत्तर त्या खोलीत आहे. लॅबमध्ये कोणी बाजूला मिठाची बाटली उघडली तरी पुरे.

चकली
हे वाचून अंगावर काटा आला! भारी प्रतिसाद.

अनामिक_आई
थोडं वेगळं. माझ्या मुलाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. स्ट्रॉन्शियम आणि बेरियम त्याला सारखेच वाटतात. प्रॅक्टिकलला बाईंनी सगळ्यांसमोर 'लक्ष देत नाहीस' म्हणून रागावलं, घरी येऊन रडला. अशा मुलांनी काय करायचं?

निळावंती
ताई, त्याला हे नक्की सांगा. १८६३ मध्ये इंडियम ज्यांनी शोधलं त्यातले फर्डिनांड राइश रंगांध होते. म्हणून वर्णपट बघायला त्यांनी रिश्टर यांना घेतलं, रिश्टरना निळी-जांभळी रेषा दिसली, आणि मूलद्रव्याचं नावच इंडिगोवरून पडलं. रंग दिसत नाही म्हणून राइश थांबले नाहीत.

वसंतकाका
ताई, बाईंना भेटून एकदा शांतपणे सांगा, बहुतेकांना खरंच माहीत नसतं. आणि पाचव्या ग्रुपला तो ज्योतीवर अवलंबून राहू नये. बेरियमला पोटॅशियम क्रोमेटनं पिवळा साका (तळाशी बसणारा गाळ) येतो, स्ट्रॉन्शियमला अमोनियम सल्फेटनं पांढरा, कॅल्शियमला अमोनियम ऑक्झलेटनं पांढरा, याच क्रमानं. साका आला की नाही एवढंच बघायचंय. मुलांमध्ये हा दोष मुलींपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, प्रत्येक बॅचला एखादा तरी असायचाच. मी जोडीदाराला रंग सांगायला लावायचो.

फटाकेबहाद्दर
दिवाळीच्या भुईनळ्यातला हिरवा बेरियमचाच ना? हल्ली तो पूर्वीसारखा दिसत नाही.

रेवा_एम
हो, बेरियम नायट्रेट. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरायला बंदी घातली, २०२१ मध्ये पुन्हा बजावलं. ग्रीन फटाक्यांचं सूत्र आपल्या नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनं बसवलंय. लाल स्ट्रॉन्शियमचा. निळा सगळ्यात अवघड, कारण तो कॉपर क्लोराइडच्या वाफेतून येतो आणि ज्योत जास्त तापली की ती वाफच मोडते. म्हणून आकाशातला गडद निळा दिसला की बनवणाऱ्याचं कौतुक करावं.

बेरियम क्लोराइड विषारी आहे, विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात ते आणूच नका. एक्स-रेआधी पाजतात ते बेरियम सल्फेट पाण्यात विरघळत नाही म्हणून चालतं.

सुमेधा_र
मंडळी, काल रात्री आम्ही दोघी ओट्यापाशी बसलो. ०:०:५० आणलं, कोबाल्टची काच सरांकडून लेकीनं मागून आणली, निक्रोमच्या तारेचा तुकडाही. अ‍ॅसिड घरी नको म्हणून तार नुसती धुवून तापवत राहिलो. नुसत्या डोळ्यांनी पिवळी झाक होतीच. लाइट बंद करून काच धरली, आणि ज्योतीच्या कडेला गुलाबी-जांभळट उमटलं, अगदी फिकट, पण होतं! मग लेकीनं स्वतःहून मीठ लावून बघितलं, काचेतून काहीच रंग नाही. पुन्हा पोटॅशियम, पुन्हा गुलाबी. ती म्हणाली आता मी लिहिणार आणि कोणी विचारलं तर दाखवणार.

मग स्पिरिटच्या दिव्याच्या वातीला मीठ चोळून लावला आणि कुंकवाचा करंडा उघडून त्या उजेडात धरला. कुंकू चक्क काळपट दिसतं! लाल प्रकाशच नाही तर लाल दिसणार कुठून. सोसायटीतल्या पोरांना हे दाखवणारच. अभय, तुम्ही मार्कांचं म्हणता ते मला थोडं पटतं. मार्क रंगाच्या नावाला नकोत, बघण्याला हवेत.

अभय_न
असे मार्क असतील तर माझा विरोध मागे.

मंदार_प
झकास! विज्ञान दिनाला एक भर घाला. बुटाच्या खोक्याला ब्लेडनं बारीक चीर पाडा, समोर जुनी सीडी तिरकी बसवा, वरून बघायला भोक ठेवा. मेणबत्तीकडे धरलं की सलग पट्टा दिसेल, मिठाच्या ज्योतीकडे धरलं की त्या पट्ट्यावर एकच चमकती पिवळी रेघ. सोडियमच्या दोन रेषा यात वेगळ्या दिसणार नाहीत, तेवढी ताकद सीडीत नाही.

काचकाम
मी लॅबची काचसामग्री फुंकायचं काम करतो. आम्ही डिडिमियमचा चष्मा लावतो, कारण काच तापली की तिच्यातल्या सोडियमचा पिवळा झोत डोळ्यावर येतो आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. तो चष्मा नेमका तेवढाच पिवळा कापतो. पोटॅशियमसाठी त्यातून कोणी बघितलंय का? वेल्डिंगची हिरवी काच मात्र उपयोगाची नाही, ती सगळंच अडवते.

वसंतकाका
डिडिमियममधून मी बघितलेलं नाही. चष्मा हाताशी आहे तर करून बघा आणि इथं लिहा.

प्राजक्ता_ठाणे
कोबाल्ट ग्लास ठाण्यात कुठं मिळेल? भाच्याला हवीय.

टेस्टट्यूब
शाळा-कॉलेजांना लॅबचं सामान पुरवणारं कुठलंही सायंटिफिकचं दुकान. 'कोबाल्ट ब्लू ग्लास' असंच मागा, चौकोनी तुकडा देतात. नुसती निळी काच किंवा जिलेटिन पेपर देऊ लागले तर घेऊ नका.

प्राजक्ता_ठाणे
धन्यवाद, शनिवारी जाते.